पश्चात्ताप आणि हळहळ

ज्युबिली म्हटली म्हणजे आपल्या मनात प्रथम आनंद उभा राहतो. देवळास रंग दिला जातो, पताका लागतात, वाद्ये वाजतात, दूरदूरचे आप्तेष्ट गावी येतात, आणि प्रस्तुत पुस्तिकेसारखी एखादी स्मरणिका प्रसिद्ध होते. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु ज्युबिली ह्या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास उत्सवाच्या अगोदर तेथे एक कर्तव्य सांगितलेले आढळते. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे की, दर पन्नासाव्या वर्षी देशभर मेंढ्याच्या शिंगाचा नाद करावा. गहाण पडलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी. आणि कर्जापायी दास झालेला बांधव मोकळा होऊन आपल्या घरी जावा. हिब्रू भाषेतील 'योबेल' हा त्या शिंगाचा शब्द. त्यावरूनच आपला ज्युबिली शब्द आला. आता हे शिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे? सुगीच्या दिवशी नव्हे, राजाच्या वाढदिवशी नव्हे, तर प्रायश्चित्ताच्या दिवशी. म्हणजे प्रथम प्रायश्चित्त, नंतर ज्याचे त्यास परत देणे, आणि मग आनंद, असा हा क्रम आहे.

ख्रिस्तसभेनेही हाच क्रम राखला. परमगुरू आठवे बोनिफास ह्यांनी इ. स. १३०० मध्ये रोम येथे पहिले ज्युबिली वर्ष पाळविले. १४७५ पासून सामान्य ज्युबिली दर पंचवीस वर्षांनी येऊ लागली, आणि ह्या परंपरेतील ज्युबिली वर्ष २०२५ साली पाळण्यात आले. प्रत्येक ज्युबिलीत यात्रेकरूस पहिली अट असे ती पापनिवेदनाची. म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या ह्या मंगल प्रसंगी पश्चात्ताप ह्या विषयावर चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही असे वाटते. त्यातही एक प्रश्न विशेष विचारात घ्यावयाचा आहे. खरा पश्चात्ताप कोणता, आणि नुसती हळहळ कोणती? ह्याचे उत्तर धर्मशास्त्रात तर आहेच. परंतु आपल्या ह्या किनाऱ्याच्या इतिहासातही ते लिहिलेले आहे, आणि ते वाचण्यास थोडे धैर्य लागते.

शब्दाचा अर्थ

'पश्चात्ताप' हा आपल्या भाषेतील मोठा बोलका शब्द आहे. पश्चात् म्हणजे मागाहून, आणि ताप म्हणजे जळणे. कृत्य हातून घडून गेल्यावर मनास जो दाह होतो तो पश्चात्ताप. तथापि हा दाह कशामुळे होतो हे तो शब्द सांगत नाही. चोरी उघडकीस आली म्हणजे चोराचेही मन जळते. दारूपायी ज्याने बायकोचे दागिने विकले, त्याचेही मन सकाळी जळते. खोटी साक्ष देऊन खटला हरलेल्याचे मन तर सर्वांहून अधिक जळते. ह्या दाहास आपल्या बोलीत हळहळ, चुटपुट असे शब्द आहेत. हळहळ वाटणे हे काही पाप नव्हे. मन मेलेले नाही ह्याची ती खूण आहे. परंतु हळहळणारा मनुष्य स्वतःकडे पाहत असतो. माझी अब्रू गेली, माझा पैसा गेला, आता लोक काय म्हणतील, हा त्याचा घोष असतो. पश्चात्ताप पावलेला मनुष्य स्वतःकडे पाहणे सोडून ज्याचा अपराध केला त्याच्याकडे वळतो. म्हणूनच जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ह्या गोष्टीसाठी 'शूब' हा साधा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ मागे फिरणे, परत येणे एवढाच आहे. वाट चुकलेला प्रवासी वाटेत बसून कितीही रडला तरी घरी पोहोचत नाही; तो फिरला पाहिजे.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत तर ह्या दोहोंसाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'मेतानोइया' म्हणजे मनाचा पालट; बाप्तिस्मा देणारा योहान आणि स्वतः प्रभू येशू ह्यांनी ह्याच पालटाची हाक दिली. दुसरा शब्द 'मेतामेलोमाइ', म्हणजे मागाहून खेद वाटणे. संत मत्तयाने यहूदाविषयी लिहिताना पहिला शब्द न योजता हा दुसरा योजला आहे. संत पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात दोन प्रकारची दुःखे सांगितली आहेत. देवाच्या इच्छेस अनुसरून होणारे दुःख मनुष्यास तारणाकडे नेते, आणि जगाचे दुःख मरणाकडे नेते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

यहूदा, पेत्र आणि जक्कय

राजा शौल आणि राजा दावीद ह्या दोघांनीही 'मी पाप केले' ह्या अर्थाचे शब्द उच्चारले. परंतु शौलाने लागलीच शमुवेल संदेष्ट्यास विनविले की, निदान वडील मंडळीसमोर माझा मान राख. दावीदाने नाथानाचे बोलणे ऐकले, आणि मानाविषयी चकार शब्द काढला नाही. शब्द दोघांचे सारखे होते, दृष्टी वेगळी होती.

ह्याहून गंभीर उदाहरण प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्रीचे आहे. त्या रात्री दोन शिष्यांनी प्रभूचा अपराध केला. यहूदाने त्यास विकले, आणि पेत्राने त्यास तीन वेळा नाकारले. आपण सहसा असे समजतो की, यहूदास काहीच वाटले नाही. शुभवर्तमान काळजीपूर्वक वाचणारास वेगळेच दिसते. यहूदास खेद झाला. तो याजकांकडे परत गेला. निर्दोष मनुष्यास आपण धरून दिले, अशी त्याने उघड कबुली दिली. चांदीची तीसही नाणी त्याने मंदिरात टाकून दिली. म्हणजे कबुलीही झाली आणि पैसेही परत झाले. मग उणे काय राहिले? ज्याचा अपराध केला होता त्याच्याकडे तो गेला नाही. क्षमा मिळेल ही आशा त्याने धरली नाही. त्याचा दाह त्यालाच जाळीत राहिला, आणि शेवटी दोरापर्यंत घेऊन गेला. पेत्राजवळ परत देण्यासारखे एक नाणेही नव्हते. परंतु प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, तेव्हा ती दृष्टी त्याने चुकविली नाही. तो बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला, आणि नंतर बंधूंच्या मंडळीतून पळून न जाता तेथेच राहिला. पुढे तिबिर्य सरोवराच्या काठी, कोळशाच्या विस्तवाजवळ, प्रभूने त्यास तीन वेळा प्रीतीविषयी विचारले. तीन नकारांच्या जागी तीन होकार घेतले. आणि मग मेंढरे त्याच्या हाती दिली.

आपल्या मराठी भाषेत प्रभूचे हे दुःखसहन विस्ताराने गाइले ते येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स ह्यांनी. हे इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली मरण येईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे त्यांनी त्या प्रांतात सेवा केली. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या असून १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा मुद्रित झाले. पुढे एतिएन द ला क्रुआ ह्या फ्रेंच येशूसंघीयाने संत पेत्राच्या चरित्रावर एक स्वतंत्र मराठी पुराण रचिले. ते १६२९ ते १६३४ ह्या काळात गोव्यात छापले गेले. ज्याने प्रभूस नाकारले त्याच्या नावाने आपल्या भाषेत एवढे पुराण व्हावे, ह्यात ख्रिस्ती शिकवणीचे सार आले. पेत्राची चूक लहान होती म्हणून नव्हे, तर तो परतला म्हणून.

आता जक्कयाचे उदाहरण घेऊ. तो यरीहो नगरातील जकातदारांचा प्रमुख होता. प्रभू त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो आनंदाने उभा राहिला, आणि आपली अर्धी मिळकत गरिबांस देण्याचे व ज्यास नाडले असेल त्यास चौपट परत करण्याचे त्याने सांगितले. येथे पेत्राचा विश्वास आणि यहूदाने करू पाहिलेली भरपाई ही दोन्ही एका ठिकाणी आली आहेत. खऱ्या पश्चात्तापाचे एक तोंड देवाकडे असते, ते आशेने त्याच्याकडे पाहते. आणि दुसरे तोंड शेजाऱ्याकडे असते, ते घेतलेले परत करते. एक तोंड नसेल तर निराशा उरते. दुसरे नसेल तर ढोंग उरते.

ख्रिस्तसभेची शिकवण

प्रारंभीच्या शतकांत मोठ्या पापांचे प्रायश्चित्त मंडळीसमोर उघडपणे होत असे, आणि त्यातून राजेही सुटत नसत. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका येथे एका सरदाराच्या खुनाचा सूड म्हणून सम्राट थिओडोसिअस ह्याच्या हुकुमाने हजारो नागरिकांची कत्तल झाली. मिलान नगराचे महागुरू संत अँब्रोझ ह्यांनी त्यास खासगी पत्र लिहून कळविले की, प्रायश्चित्त घेतल्यावाचून मी तुमच्या उपस्थितीत पवित्र यज्ञ अर्पण करू शकत नाही. सम्राटास कत्तलीची हळहळ आधीच वाटत होती. परंतु अँब्रोझ ह्यांना तेवढ्याने समाधान नव्हते. अखेर त्याने राजचिन्हे उतरविली आणि देवळात लोकांदेखत अश्रू ढाळून क्षमा मागितली. सत्ताधीशानेही परतावयाचे असते, हा धडा त्या दिवशी ख्रिस्ती जगाने पाहिला.

पुढे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती मनुष्याने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम घातला. आपल्या वडील मंडळींच्या तोंडी जे 'कुमसार' आहे ते हेच. ट्रेंट येथील परिषदेने १५५१ च्या नोव्हेंबर महिन्यात, आपल्या चौदाव्या बैठकीत, ह्या संस्काराची शिकवण व्यवस्थित मांडली. पश्चात्ताप करणाराच्या वाट्याच्या तीन गोष्टी तिने सांगितल्या: अंतःकरणाचा अनुताप, पापांचे निवेदन, आणि पापांची भरपाई. अनुताप म्हणजे घडलेल्या पापाविषयी दुःख व तिटकारा, आणि त्याबरोबरच ते पुन्हा न करण्याचा निश्चय. ज्यात निश्चय नाही ते दुःख कितीही खोल असले तरी त्यास हे नाव नाही. पुन्हा, देवावरील प्रीतीतून उपजतो तो पूर्ण पश्चात्ताप, आणि पापाची लाज किंवा नरकाचे भय ह्यांतून उपजतो तो अपूर्ण, असाही भेद परिषदेने केला. अपूर्ण पश्चात्ताप टाकाऊ नव्हे. त्यात पाप सोडण्याची इच्छा व क्षमेची आशा असेल तर तो देवाचीच देणगी होय, आणि मनुष्यास संस्काराकडे आणतो. ह्या वचनात पामरांस मोठा दिलासा आहे. भयाने सुरुवात झाली तरी हरकत नाही; भयावरच थांबू नये.

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची सूचना

ट्रेंटची ही बैठक भरण्याच्या दोन वर्षे अगोदर गोव्यात एक पत्र लिहिले गेले. त्यात हाच विषय अगदी व्यवहाराच्या भाषेत आला आहे. संत फ्रान्सिस झेवियर हे १५४८ साली वसईस येऊन गेले होते; गोवा व इतर ठाणी त्यांच्या पूर्ण परिचयाची होती. १५४९ साली त्यांनी फादर गास्पार बार्झेउस ह्यांस होर्मुझ बंदरी पाठविले. ते इराणच्या आखाताच्या तोंडावरील मोठ्या जकातीचे व व्यापाराचे ठिकाण होते. निघताना दिलेल्या सूचनापत्रात पापनिवेदन कसे ऐकावे ह्याविषयी झेवियर ह्यांनी जे लिहिले, ते जकातनाक्यापासून दुकानापर्यंत आजही तसेच लागू पडते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारी अंमलदार व व्यापारी ह्यांस 'तुम्ही कोणाचे काही देणे लागता काय?' असे मोघम विचारू नये. ते 'नाही' म्हणतील, आणि लबाडीने म्हणतील असेही नाही. कारण जे सर्वच करतात ते पाप आहे असे त्यांस वाटेनासे झालेले असते. म्हणून त्यांस तपशिलाने विचारावे. तुमचा चरितार्थ कसा चालतो? राजाचा पैसा तुम्ही स्वतःच्या व्यापारात फिरविता काय? लोकांचे देणे अडवून धरता काय? सत्तेच्या बळावर माल स्वस्त घेऊन महाग विकता काय? असे विचारीत गेले म्हणजे त्यांच्याजवळ दुसऱ्याचे किती आहे ते बाहेर येईल. अशांस घाईने पापमुक्ती देऊ नये. दोनतीन दिवस त्यांस आपल्या आयुष्याचा विचार करावयास लावावे, पापे लिहून काढावयास सांगावे. आधी त्यांनी परत द्यावयाचे ते परत द्यावे, वैऱ्याशी समेट करावा, वाईट संबंध तोडावा, मग पापमुक्ती. कारण पापनिवेदनाच्या वेळी दिलेली वचने मागाहून पाळली जात नाहीत असा अनुभव आहे. ज्याचे घेतले तो सापडत नसेल, तर ती रक्कम मिझरिकॉर्दिया ह्या धर्मादाय संस्थेकडे गरिबांसाठी द्यावी. आपल्या वसईच्या कोटातही ह्या नावाची संस्था होती.

संतांच्या ह्या पत्रातील सर्वांत मोलाचे निरीक्षण एकच आहे. रूढ झालेल्या पापाविषयी हळहळसुद्धा वाटत नाही. जे एकट्याने केले त्याची टोचणी लागते. जे साऱ्या गावाने केले त्याची लागत नाही. म्हणून पश्चात्तापास नुसते मन हळवे असून भागत नाही, हिशेबही मांडावा लागतो.

भयाने घेतलेली कबुली

आता इतिहासाचे जे पान आपण सहसा उलटून पुढे जातो, तेथे थोडे थांबू. पोर्तुगेज सत्तेच्या काळात गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय, स्थापन झाले. मध्यंतरी १७७४ पासून चार वर्षे ते बंद होते. ते कायमचे उठले १८१२ साली. त्याचा हात ह्या उत्तरेकडील किनाऱ्यापर्यंत पोहोचत असे. बाटलेल्या यहुद्यांचे वंशज आणि आपल्या देशातील नवे ख्रिस्ती ह्यांच्यावर त्याची विशेष नजर होती. घरात जुन्या रीतीभाती चालू ठेवणे हाही तेथे अपराध ठरे.

ह्या न्यायालयाच्या कारभाराचा प्रत्यक्ष वृत्तांत शार्ल देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने लिहून ठेविला असून तो १६८७ साली प्रसिद्ध झाला. हा मनुष्य दमण येथे राहत होता. काही धार्मिक वादांतील बोलण्यावरून १६७३ साली त्यास तेथे पकडण्यात आले, आणि पुढे जलमार्गाने वसईस व तेथून गोव्यास नेण्यात आले. दमणहून वसईस जाणारे जहाज आपल्या तारापूर, माहीम, केळवे ह्या किनाऱ्यावरूनच जाते. गोव्यात त्यास आरोप सांगितला गेला नाही. तूच आपले अपराध आठव आणि कबूल कर, असे त्यास वारंवार सांगण्यात येई. त्या एकांतवासात त्यास अशी निराशा आली की, त्याने अनेकदा आत्महत्येचा प्रयत्न केला. अखेर १६७६ च्या जानेवारीत त्यास इतर कैद्यांबरोबर जाहीर शिक्षा-समारंभात मिरविण्यात आले. त्यास पाच वर्षे गलबतावरील सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि पोर्तुगालमध्ये पुढल्याच वर्षी त्याची सुटका झाली. कबुली दिली तर प्राण वाचण्याची आशा, आरोप शेवटपर्यंत नाकारला तर अग्नी, असा त्या न्यायालयाचा रिवाज होता. त्यामुळे निरपराध मनुष्यासही न केलेले पाप कबूल करण्याचा मोह पडे.

सुज्ञ वाचकांनी येथे ट्रेंटची शिकवण आठवावी. तिच्यात पापनिवेदन हा संस्कार आहे. ते देवाच्या दयेकडे जाणाऱ्या मुलाचे बोलणे आहे. ह्या न्यायालयातही निवेदन होते, प्रायश्चित्ताचा झगा होता, मेणबत्ती होती, मिरवणूक होती. पश्चात्तापाची सर्व बाह्य चिन्हे होती, फक्त पश्चात्ताप नव्हता. कारण क्षमेची आशा काढून घेऊन भय तेवढे ठेविले, म्हणजे मनुष्य पेत्राच्या वाटेने जात नाही. तो यहूदाच्या वाटेने जातो. देलाँच्या कोठडीत नेमके हेच घडले. जुलमाने कबुली मिळते, अश्रूही मिळतात. अंतःकरण मिळत नाही.

हाच विचार धर्मांतराविषयीही करावा लागतो. ह्या किनाऱ्यावर श्रद्धेने ख्रिस्ती झालेले लोक होते. संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्यासारखा वसईचा सुपुत्र १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर मरण पावला तो श्रद्धेनेच. परंतु लाभासाठी आलेले होते, आणि सत्तेच्या दडपणाखाली आलेलेही होते. देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात सोळाव्या शतकात चर्च करण्यात आले. हे घडले. ते आपल्या शेजाऱ्यांच्या वडिलांच्या बाबतीत घडले, आणि आपल्याही वडिलांच्या बाबतीत घडले.

मग १७३९ साल उजाडले. जानेवारीत मराठ्यांच्या फौजांनी केळवे-माहीम व तारापूर घेतले. मे महिन्यात वसईचा कोट चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला. ज्या सत्तेच्या सावलीत येथील ख्रिस्ती समाज वाढला ती सत्ता निघून गेली, परदेशी धर्मगुरूही गेले. काठी गेली तरी ज्यांचा विश्वास राहिला त्यांची प्रार्थना पुढच्या पिढ्यांस मिळाली. देशी धर्मगुरूंनी तो दिवा सांभाळला. आपला धर्म दडपणाने टिकला नाही, दडपण उठल्यावर टिकला. आणि म्हणूनच दडपणाच्या काळाविषयी खरे बोलण्यास आपण भिऊ नये.

इ. स. २००० च्या महाज्युबिलीत, १२ मार्च रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, परमगुरू दुसरे योहान पौल ह्यांनी रोम येथील संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सात कबुल्या वाचल्या गेल्या. सत्याच्या सेवेच्या नावाखाली शुभवर्तमानास न शोभणारे मार्ग वापरले गेले, ही त्यांतील एक होती. वृद्ध व थकलेल्या परमगुरूंनी शेवटी क्रूसाचे चुंबन घेतले. काहींनी तेव्हा विचारले, मेलेल्यांच्या पापांबद्दल जिवंतांनी क्षमा का मागावी? दुसऱ्याचे पाप आपल्या माथी येत नाही हे खरे. परंतु वडिलांचे शेत ज्याने घेतले त्याने त्या शेतावरील कर्जही घ्यावयाचे असते. पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान आम्ही बाळगू, आणि त्यांच्या अपराधाचा विषय निघाला की काळाकडे बोट दाखवू, हा न्याय नव्हे. 'तो काळच तसा होता' एवढे म्हणून सुस्कारा टाकणे ही इतिहासाची हळहळ झाली. ज्यांना दुखविले त्यांच्या वंशजांशी आज आदराने वागणे, त्यांच्या श्रद्धेविषयी हलके शब्द न काढणे, आणि आपल्या देवाच्या कार्यात बळजबरीस पुन्हा कधीही थारा न देणे, हा इतिहासाचा पश्चात्ताप होय.

आपल्या घरचा हिशेब

आता दूरचे पुरे झाले, घराकडे येऊ. माहीम-केळव्याचा हा मुलूख पानमळ्यांचा, नारळी-पोफळींचा व केळीच्या वाड्यांचा. वाडी म्हटली की बांध आला, पाणी आले, मजूर आला. झेवियर ह्यांच्या रीतीने आपणही स्वतःस तपशिलाने विचारावे. शेजाऱ्याचा बांध दरसाल थोडा थोडा कोरून घेतला आहे काय? भाऊबंदकीत बहिणीची सही घेऊन तिचा हिस्सा गिळला आहे काय? तराजूत काटा मारला आहे काय? मजुराची मजुरी उद्यावर ढकलली आहे काय? संत याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे की, अडकवून ठेविलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते.

हा आक्रोश ह्याच जिल्ह्याने ऐकिला आहे. डहाणू, उंबरगाव, पालघर ह्या भागांत वारली बांधवांस वेठबिगारीने राबविले जाई. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि त्यांनी वेठीस नकार दिला. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. त्या पूर्वीच्या काळात वारल्यांविषयी हळहळणारे पुष्कळ सज्जन ह्या प्रदेशात होते. 'बिचारे' हा शब्द त्यांच्या ओठी असे. परंतु त्या शब्दाने एकाही लग्नगड्याचे कर्ज फिटले नाही. लेवीय ग्रंथातील ज्युबिलीचे शिंग दासाची दया करा असे सांगत नाही. त्यास सोडा असे सांगते.

पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूस एक गोष्ट दिसते. पुनरुत्थानाच्या सणापूर्वी लांब रांग लागते, आणि पुष्कळांचे निवेदन पाठ केलेल्या यादीसारखे असते: राग आला, खोटे बोललो, प्रार्थना चुकली. ज्या भावाशी दहा वर्षे बोलणे नाही तो त्याच रांगेत चार माणसे पुढे उभा असतो, आणि त्याचे नाव यादीत नसते. दोघेही पापमुक्ती घेऊन एकमेकांकडे न पाहता घरी जातात. अशा वेळी संस्कार उणा पडत नाही, आपली तयारी उणी पडते. प्रभूने तर वेदीपाशी आणलेले अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करण्यास सांगितले आहे.

ह्याच्या उलट काही भाविक मनांचाही प्रकार आहे, आणि त्यांस धीर देणे अवश्य आहे. तारुण्यातील एखादे पाप त्यांनी केव्हाच निवेदन केले, त्याची भरपाईही केली. तरी ते रात्री उठून त्याच पापास रडतात आणि देवाने क्षमा केली असेल की नाही ह्याचा घोर लावून घेतात. त्यांनी यहूदाची आठवण ठेवावी. देवाच्या क्षमेहून आपले पाप मोठे मानणे ही नम्रता नव्हे. ती विश्वासातील उणीव आहे. ज्याने पेत्रास मेंढरे दिली तो तुम्हांसही आपल्या कामातून काढून टाकणार नाही. परत दिल्यावर, परत फिरल्यावर, मनास शांती येऊ द्यावी. पश्चात्तापाचे शेवटचे फळ अश्रू नव्हे, आनंद आहे.

म्हणून ह्या ज्युबिली वर्षात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात अशी नम्र सूचना आहे. ज्याचे काही आपणाकडे आहे, ते पैसा असो, जमीन असो वा चांगले नाव असो, ते परत करावे. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी आपण प्रथम जावे. चूक कोणाची अधिक हे मोजीत बसू नये. आणि मग पापनिवेदनास यावे, पुढच्या वर्षी तीच यादी पुन्हा न वाचण्याच्या निश्चयाने. असे झाले तर आपल्या देवळाच्या घंटेत जुन्या योबेलाचा खरा नाद ऐकू येईल. पताका चार दिवसांत उतरतील. परत दिलेला बांध मात्र पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी राहील.

पेत्राकडे वळून पाहणारा प्रभू आपणा सर्वांकडे कृपादृष्टीने पाहो, आणि त्याची दृष्टी न चुकविण्याचे धैर्य आपणांस देवो. अस्तु.